ब्रेकमधली हवा आणि बायकोचा 'हो'

माझ्या सासूच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन महाडला सोमवारी सकाळी ठरलं होतं, आणि शनिवारी सकाळी माझी गाडी पुढची दोन्ही चाकं काढून दारात जांभ्याच्या चिऱ्यांवर उभी होती. पहिला निर्णय डॉक्टरांचा, दुसरा माझा. डॉक्टर विचार करून बोलले होते.

सासू पोलादपूरच्या वर डोंगरातल्या एका वाडीत एकटी राहायची; डावा डोळा कधीच गेलेला, आणि उजव्याला आता नुसता उजेड कळायचा. मेव्हणा मुंबईत, आणि त्याची खोली एवढीशी की पाहुणा आला तर घरातल्या एकानं बाहेर उभं राहायचं. वाडीतून खाली यायला रस्ता आहे, पण दोन ठिकाणी त्याचा उतार असा की पायी उतरणारा माणूससुद्धा मागं रेलून चालतो. म्हातारीला एसटी लागते. पहिल्या वळणालाच ओकारी. म्हणून ठरलं ते असं: रविवारी मी गाडी घेऊन जायचं, तिला खाली आणायचं, सोमवारी ऑपरेशन, मग आठ दिवस महाडातच आमच्याकडे, आणि डॉक्टरांनी पुन्हा एकदा डोळा बघितला की परत वाडीवर नेऊन सोडायचं. असं आमचं ठरलं होतं. आमचं म्हणजे मी ठरवलं आणि बायको 'हो' म्हणाली.

आठ दिवस हे मी उगाच म्हटलं नव्हतं. लेकीच्या घरी आईनं किती राहायचं याचा आमच्याकडे लेखी नियम नाही, पण दुसरा आठवडा लागला की शेजारपाजारचे "अजून हायत का सासूबाई?" असं विचारायला लागतात. सासूही त्याच पिढीतली, जावयाच्या घरी पाय पसरून बसायचं नाही असं मानणारी. शिवाय आमच्या दोनच खोल्या. शिवाय माझा स्वभाव. हे शेवटचं कारण मी कधी उघड मांडलं नाही, कारण आधीच्या कारणांवर काम भागत होतं.

तर गाडी. एका पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा ती दीड दिवस पाण्यात उभी होती, आणि तेव्हापासून तिचं काही ना काही दुखतच असतं. यंदा पुढचे कॅलिपर गेले. कॅलिपर म्हणजे चाकामागच्या तबकडीला दोन्हीकडून दाबून धरतो तो लोखंडी ठोकळा. आमचे दोन्ही गंजून जाम झाले होते. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची, आणि पाय काढला तरी ब्रेक काही चाक सोडायचा नाही. नवे कॅलिपर मी आणून ठेवले होते, बसवायला गॅरेजवाला हवा होता. पण शिमग्याचे दिवस. आमचा गॅरेजवाला गावाला पालखी नाचवायला गेलेला. फोन केला तर मागं ढोल बडवत होते, आणि तो ओरडून म्हणाला, "बुधवारी बघू, बुधवारी!"

खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. तीस वर्षं मी बिरवाडीजवळच्या एका केमिकल कारखान्यात पाइपलाइनींची देखभाल केली. लाइनीत अडकलेली हवा काढणं हे माझं रोजचं काम. नव्या पोरांना मी शिकवायचो, "हवा वर चढते, म्हणून हवा काढायचं तोंड वर. पाणी खाली बसतं, म्हणून पाणी काढायचं तोंड खाली. एवढं डोक्यात ठेवा, बाकीचं मॅनेजरला पण येत नाही." हे मी इतक्यांदा म्हटलं होतं की माझ्या निरोप समारंभात एकानं माझ्या आवाजात त्याची नक्कल केली आणि सगळा कारखाना हसला. अशा माणसाला दोन कॅलिपर काय जड?

बसवले. डावीकडचा ब्रेकचा पाइप जरा पीळ खाऊन बसला, उजवीकडचाही तसाच. दोन्हीकडे सारखाच पीळ पडतोय म्हणजे तसाच असणार, अशी मी माझी समजूत घातली. शेजारचे चाचा कुंपणापलीकडे खुर्ची टाकून बसले होते. चाचांनी वीस वर्षं आखातात ट्रेलर चालवले आणि आता दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त होताना बघणं हा त्यांचा उद्योग आहे. बसल्या जागेवरून त्यांनी विचारलं, "निपल वरच्या बाजूला आलाय ना रे?"

निपल म्हणजे हवा काढायचं ते बारीक तोंड. मी मान वर न करता "हो हो" म्हटलं. बघितलं नाही. लहान पोराला शेंबूड पुसलास का विचारावं तसं मला कोणी विचारलं की माझं टाळकं सरकतं. चाचा "बरं" म्हणाले, आणि ऊन अंगावर आलं म्हणून खुर्ची उचलून आत गेले.

ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात, आणि सगळी भानगड तिथंच आहे. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी बसून निपल सोडायचा आणि आवळायचा. पेडल कडक लागतंय की नरम, हे फक्त आत बसलेल्याच्या पायाला कळतं. चाकाशी बसलेल्यानं ते ऐकून घ्यायचं असतं. मी बायकोला हाक मारली. ती भाकऱ्या टाकत होती.

"किती वेळ लागंल?"

"दहा मिनिटं."

तिनं तवा उतरवून ठेवला, गॅस बंद केला आणि उरलेल्या पिठावर झाकण घातलं. माझ्या दहा मिनिटांवर तिचा किती विश्वास होता ते यावरून कळावं.

मी तिला समजावलं. दाब म्हटलं की दाबायचं, धर म्हटलं की पाय तसाच रोवून ठेवायचा, पेडल खाली गेलं तरी सोडायचा नाही, मी सोड म्हणेपर्यंत. निपलला सलाईनची नळी लावली, तिचं दुसरं टोक ब्रेक ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवलं आणि सुरू झालो. दाब, दाब, दाब, धर! निपल सोडला, काळपट ऑइल आलं, दोन-चार बुडबुडे आले. आवळला. सोड!

"कडक लागतंय का?"

"नाय."

परत केलं. मग दुसऱ्या चाकाला गेलो, तिथं केलं, परत पहिल्याला आलो. "आता?"

"नाय."

"जरा तरी?"

"मळलेल्या पिठात पाय घातल्यासारखं लागतंय."

मी नळीकडे बघितलं. आता एक बुडबुडा येत नव्हता. स्वच्छ, पिवळंधमक ऑइल. माझे तीस वर्षांचे डोळे सांगत होते की हवा संपली, आणि वरून आवाज येत होता 'नाय'. अशा वेळी शहाण्या माणसानं काय करावं? खाली वाकून बघावं. मी काय केलं? बायकोच्या पायात दोष काढला.

"जोर लावून दाब की गो! पायात जीव नाय काय?"

"लाकडाच्या मोळ्या घेऊन डोंगर उतरलेले पाय हायत माझे. जोर मला नका शिकवू."

"मग कडक म्हणजे काय तेच तुला कळत नसणार."

"नसंल."

"अगं, बुडबुडा येत नाही! बुडबुडा नाही म्हणजे हवा नाही. आणि हवा नाही म्हणजे कडक लागलंच पाहिजे. नीट दाबून सांग एकदा!"

माझा आवाज एव्हाना गल्लीच्या टोकापर्यंत जात असावा, कारण समोरच्या घराची खिडकी उघडली. गाडीत तिनं पेडल आणखी एकदा दाबलं. मग ती म्हणाली, "हो."

"हो ना?"

"हो. आलं कडक."

"बघ! मगापासून तेच सांगतोय तुला."

ती उतरली आणि भाकऱ्या टाकायला गेली. मी शीळ घालत चाकं चढवली. सासूला खाली आणायची सोय झाली, गॅरेजवाल्याची जिरवली, आणि तेही जेवणाच्या आत.

आमच्याकडे गाडीचं मोठं काम झालं की नारळ फोडतात. तिनं आणला नव्हता. विचारलं तर म्हणाली, "आधी फिरवून तर बघा." मी आत बसून तीनदा भराभर पेडल दाबलं. चांगलं कडक लागलं. भराभर दाबलं की हवा भरलेलं पेडलही तेवढ्यापुरतं कडक लागतं, हे मला ठाऊक होतं. पण त्या दिवशी मला जे ठाऊक होतं ते सगळं सुट्टीवर गेलेलं. निघणार तेवढ्यात ती पदराला हात पुसत आली. "थांबा, मी पण येते."

शेजारी बसली आणि तिनं पट्टा लावला. एरवी मुंबईला निघालो तरी "गळ्याला लागतो" म्हणून कुरकुर करणारी बाई गल्लीतल्या चकरेसाठी पट्टा लावते! मला हसू आलं. म्हटलं, "विमानात बसलीस काय?"

आमची गल्ली नाल्याकडे उतरते, आणि उतार संपतो तिथं कोणीतरी कुंपणासाठी चिरे रचून ठेवलेत. मी मजेत निघालो. अर्ध्या उतारावर ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय सरळ खाली गेला. जमिनीला टेकला. परत दाबला, परत खाली. गाडी आपली चालली आहे चिऱ्यांकडे आणि मी बावळटासारखा तेच पेडल तुडवतोय. एकदम करकर आवाज झाला, गाडीची मागची बाजू बसली आणि आम्ही चिऱ्यांपासून वीतभर अंतरावर थांबलो. बघतो तर हँडब्रेक वर ओढलेला, आणि त्याच्यावर बायकोचे दोन्ही हात.

मग मी माझ्या स्वभावाला धरून ओरडलो. "कडक आलं म्हणालीस ना तू?"

"म्हणाले."

"मग?"

"किती वेळा नाय म्हटलं. एकदा पण ऐकलं नाय. एकदा हो म्हटलं, तर लगेच पटलं तुम्हाला."

"अगं, मेलो असतो ना आपण!"

"म्हणून तर बसले बाजूला. तुम्हाला एकट्याला कसं सोडणार?" ती म्हणाली. "निघाल्यापासून हात तिथंच ठेवला होता."

तिचे हात अजून हँडब्रेकवरच होते. मला भीती वाटली ती चिऱ्यांची नव्हे. उद्या याच वेळी आम्ही वाडीच्या उतारावर असतो, मागच्या सीटवर एक आंधळी म्हातारी, आणि सगळा भरवसा या एका 'हो'वर. तसं मी बोललो तर ती म्हणाली, "आयेला मी या गाडीत बसू दिलंच नसतं." मला बसू दिलं असतं का, हे विचारायचा धीर झाला नाही.

हँडब्रेकच्या जोरावर, चाचांना आणि समोरच्या खिडकीतल्या गृहस्थाला मागून ढकलायला लावून, गाडी परत दारात आणली. चिऱ्यांवर चढवली, चाकं काढली. ती पुन्हा आत बसली. या वेळी मी ओरडलो नाही, नुसतं विचारत गेलो. कडक? नाय. कडक? नाय. दहा वेळा विचारलं, दहा वेळा नाय. मला तो शब्द गिळायला जड जात होता, पण बुडबुडा नाही आणि पेडल नरम, या दोन्ही गोष्टी खऱ्या धरल्या तर हवा कुठंतरी वर अडकून बसलेली असायला हवी. मी पाठीवर झोपलो आणि पहिल्यांदा नीट बघितलं. निपलचं तोंड खाली होतं. उजवीकडे जाऊन बघितलं, तिथंही खाली. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. हवा वरच्या कोपऱ्यात आरामात बसलेली, आणि मी खालच्या तोंडातून चांगलं ऑइल काढून बाटली भरत होतो. आयुष्यभर ज्यानं पोरांना तोंड वर, तोंड खाली शिकवलं, त्यानं.

मी कपाळाला हात लावला तो काळ्या ऑइलसकट. चाचा खुर्ची घेऊन परत आले होते. त्यांनी एकदा खाली वाकून बघितलं, आत गेले आणि त्यांच्याकडची ब्रेक ऑइलची बाटली आणून माझ्या हातात ठेवली. "सकाळी तू हो म्हणालास," एवढंच म्हणाले. माणूस चांगला आहे. दुसरा कोणी असता तर पालखीसारखं मला गावभर नाचवलं असतं.

कॅलिपर काढून अदलाबदल करून बसवले. पाइपांचा पीळ आपोआप गेला. निपल सोडला तसे बुडबुडे असे निघाले की बाटलीला उकळी फुटल्यासारखं झालं. कडक? नाय. कडक? थोडं. कडक? मधे एवढा वेळ गेला की मला वाटलं तिला झोप लागली.

"आलं," ती म्हणाली.

"खरंच?"

"माझ्या बोलण्यावर नका जाऊ. या आणि स्वतः दाबा."

दाबलं. दगडासारखं होतं. गल्लीत चार वेळा फिरवून आणली, चारही वेळा जिथं ब्रेक दाबला तिथं उभी राहिली. तेव्हा कुठं तिनं नारळ काढला.

त्या दिवशी जेवताना मी हिशेब करत बसलो. सव्वीस वर्षांत मी किती वेळा विचारलं असेल आणि ती 'हो' म्हणाली असेल. अंगणवाडीतलं काम सोडतेस ना, हो. या दोन खोल्या पुरतील ना, हो. मी प्रत्येक वेळी चाकं चढवून शीळ घालत निघालो होतो. आता त्यातले कुठले खरे आणि कुठले मला गप्प करायला म्हटलेले, हे शोधायला कुठं वाकून बघणार?

रविवारी पोलादपूर मागं टाकून वाडीच्या चढाला लागलो तेव्हा मी धीर केला. "ते आठ दिवसांचं," मी म्हटलं. "तुला चालतंय ना?"

"हो," ती म्हणाली. लगेच, खिडकीबाहेर बघत.

मी गाडी कडेला घेतली आणि थांबवली. "खरं सांग."

बोलली तेव्हा तोंड बाहेरच होतं. "नाय. नाय चालत. गेल्या पावसात आये अंगणात घसरून पडली, दोन दिवस कुणाला पत्ता नव्हता. मी तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, तिला तिथंच बरं वाटतं, हो ना? मी हो म्हटलं. मग मोरीत पाणी सोडून रडले. आता आठ दिवसांनी तिला तिथं ठेवून मी गाडीत बसणार नाय. सोडायची तर मला पण तिथंच सोडा."

आधी मला रागच आला, ते लपवत नाही. रस्त्याच्या कडेला, अर्ध्या चढावर, मला असं कोपऱ्यात घ्यायचं? मग लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. मोरीत पाणी सोडलेलं मी बाहेरच्या खोलीत बसून ऐकलं असणार. बादली भरतेय असं वाटलं असेल.

वाडीत पोचलो तर सासू ओटीवर एक पिशवी घेऊन तयार बसली होती. दोन लुगडी आणि औषधं, एवढंच त्यात. बायको सरळ आत गेली आणि पत्र्याची ट्रंक ओढत बाहेर आली. मग गोधडी आली. मग तांब्या. सासू उजेडाच्या दिशेनं मान वळवत अंदाज घेत होती. तिला दिसत नव्हतं, पण ट्रंकेचा आवाज तिनं ओळखला.

"एवढं कशाला गो? आठ दिवसांला?"

बायको थांबली. मग म्हातारी माझ्याकडे वळली, म्हणजे जिथं मी असेन असं तिला वाटलं तिकडे.

"जावईबापू, तुम्हाला चालंल का?"

'हो' माझ्या ओठावर तयार होता. असल्या प्रश्नाला दुसरं उत्तर आमच्याकडे नसतंच. बायको ट्रंकेची कडी धरून माझ्याकडे बघत होती.

"सासूबाई, मला अवघड जाईल," मी म्हटलं. "दोन खोल्या हायत, आणि माझं तोंड कसं हाय ते तुम्हाला ठाऊक हाय. मी ओरडेन, मग पस्तावेन. पण तुम्ही या. आणि आठ दिवसांचं मी बोललो होतो ते सोडा."

म्हातारीनं पुढ्यातली पिशवी चाचपली, तिची गाठ सोडली, परत बांधली. मग बसल्या जागेवरून लेकीला म्हणाली, "मग दाराला मोठं कुलूप लाव गो."